तीन अक्षरांचा ‘रन’ : मुंबईत नव्याने नोकरीला लागणाऱ्या मराठी माध्यमाच्या मुलामुलींसाठी मार्गदर्शक

मी २००९ साली कुडाळहून मुंबईत आले तेव्हा वाणिज्य शाखेची पदवी हातात होती, शाळा मराठी माध्यमाची होती, राहायला लालबागला आत्याचे घर होते आणि लोअर परळमधील एका कार्यालयात हिशेबाच्या विभागात नोकरी लागली होती. इंग्रजी पत्रे मला वाचता येत होती. मोठ्या शब्दांनी मला कधी अडवले नाही, कारण ‘डेप्रिसिएशन’सारख्या शब्दाचा अर्थ एकदा पाठ केला की तो सहसा बदलत नाही. अडवले ते ‘रन’ (run) या तीन अक्षरांच्या इंग्रजी शब्दाने. पहिल्याच आठवड्यात वरिष्ठांनी एक तक्ता माझ्याकडे दिला आणि ‘रन इट बाय मी बिफोर यू सेंड इट’ असे सांगितले. रन म्हणजे धावणे, त्या अर्थी काम घाईचे आहे, असे समजून मी तो तक्ता लगेच ग्राहकाला पाठवून दिला. त्यांना म्हणायचे होते, ‘पाठवण्यापूर्वी मला एकदा दाखव.’ तक्त्यात एका महिन्याची रक्कम चुकली होती आणि ती चूक ग्राहकाने दाखवून दिली. कोणी रागावले नाही, पण पुढचे कित्येक महिने इंग्रजीत काही सांगितले गेले की माझ्या पोटात गोळा येई. तुमच्यावर ती वेळ येऊ नये, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या : गोंधळ होणे हा तुमचा कमीपणा नाही. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी शब्दकोशाच्या तिसऱ्या आवृत्तीसाठी या शब्दाची नोंद नव्याने तयार करण्यात आली, तेव्हा केवळ क्रियापद म्हणून त्याचे ६४५ अर्थ वेगळे करावे लागले, आणि पीटर गिलिव्हर या संपादकांना त्या कामासाठी सुमारे नऊ महिने द्यावे लागले. त्याच कोशाच्या १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत सर्वाधिक अर्थांचा मान ‘सेट’ या शब्दाकडे होता. तो नंतर ‘रन’कडे आला. ६४५ अर्थ कोणी पाठ करत नाही, इंग्रज माणूसही करत नाही. त्याच्याकडे ते अर्थ ओळखण्याची सवय असते आणि ती सवय आपल्यालाही लावून घेता येते.

त्या सवयीची किल्ली मराठीतच आहे. इंग्रजी भाषा ज्याला धावायला लावते, त्याला मराठी बहुतेक वेळा चालायला लावते. इंग्रजीत दुकान, यंत्र, करार, खटला आणि नाटक हे सारे ‘रन’ होतात. मराठीत दुकान चालते, यंत्र चालते, करार अकरा महिने चालतो, खटला वर्षानुवर्षे चालतो आणि नाटकही चालते किंवा पडते. यातील एकाही ठिकाणी पाय नाहीत, तरी ‘चालणे’ म्हणताना आपण अडखळत नाही. बँकेच्या दारातही हेच दिसते. ‘करंट’ आणि ‘करन्सी’ हे दोन्ही शब्द धावणे या अर्थाच्या ‘कुरेरे’ या लॅटिन धातूपासून आले आहेत, आणि मराठीत त्यांना आपण ‘चालू’ खाते आणि ‘चलन’ म्हणतो. तिकडे धाव, इकडे चाल. मला हे उमगले त्या दिवशी ‘रन’ची भीती गेली.

लागणारी साधने

- एक शंभर पानी वही. प्रत्येक पानावर चार रकाने आखा : पूर्ण वाक्य, कोण ‘रन’ होत आहे, पुढे कोणता लहान शब्द आला आहे, आणि मराठी क्रियापद.
- विद्यार्थ्यांसाठी तयार केलेला इंग्रजी-इंग्रजी शब्दकोश. लाँगमनच्या अशा कोशात १९७८ च्या पहिल्या आवृत्तीपासून अर्थ सुमारे २००० सोप्या शब्दांच्या मर्यादेत सांगितले जातात, त्यामुळे अर्थाचा अर्थ शोधत बसावे लागत नाही. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज यांचे विद्यार्थी-कोश मोबाइलवर विनामूल्य पाहता येतात.
- मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश. त्याची दुसरी आवृत्ती १८५७ साली मुंबईतच छापली गेली आणि आज तो इंटरनेटवर उपलब्ध आहे. इंग्रजी शिकण्यासाठी मराठी कोश कशाला, असे अनेक जण मला विचारतात. त्यात ‘चालणे’ आणि ‘लागणे’ या नोंदी एकदा शांतपणे वाचा म्हणजे त्याचे कारण कळेल. भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, निकाल लागतो, झोप लागते आणि आगही लागते. ही भाषा ज्याला बोलता येते त्याने ‘रन’ला घाबरण्याचे कारण नाही.
- तुमच्याच कार्यालयातील ईमेल आणि एखादे इंग्रजी वर्तमानपत्र. वाक्ये यांतूनच घ्या, तयार यादीतून घेऊ नका.

भाषांतराचे ॲप वापरायला हरकत नाही, परंतु त्यात एकटा ‘रन’ कधीही टाकू नका. पूर्ण वाक्य टाका. एकट्या शब्दाला ॲप ‘धावा’ असे उत्तर देणार, आणि माझी चूक नेमकी तशीच झाली होती.

१. आधी कर्ता पाहा : कोण ‘रन’ होत आहे?

निम्मे काम या एका प्रश्नाने होते. माणूस किंवा प्राणी असेल तर बहुधा धावणे. नळ, नदी किंवा नाक असेल तर वाहणे. यंत्र, पंखा किंवा संगणकाचा प्रोग्राम असेल तर चालू असणे. लोकल किंवा बस असेल तर धावणे किंवा सुटणे. ‘ट्रेन्स रन एव्हरी फाइव्ह मिनिट्स’ म्हणजे दर पाच मिनिटांनी गाडी आहे. कपड्याचा रंग असेल तर रंग जाणे. रस्ता, भिंत किंवा जलवाहिनी असेल तर जाणे किंवा पसरणे : ‘द रोड रन्स अलाँग द सी’ हे मरीन ड्राइव्हबद्दल म्हटले, तर आपण ‘रस्ता समुद्राला लागून जातो’ असे म्हणू. करार असेल तर मुदत. मुंबईत भाड्याने घर घेताना लिव्ह अँड लायसन्सचा करार सहसा ११ महिन्यांचा असतो आणि त्याच्या मसुद्यात हा शब्द मुदतीच्या अर्थाने तुमच्यासमोर येऊ शकतो.

वाहण्याचा अर्थ धावण्यावरून ओढूनताणून आणला आहे, असे समजू नका. जुन्या इंग्रजीतील मूळ क्रियापदाला धावणे आणि वाहणे हे दोन्ही अर्थ होते. म्हणून ‘द टॅप इज रनिंग’ हे वाक्य इंग्रज कानाला अलंकारिक वाटत नाही, सरळ वाटते.

२. मग कर्म शोधा : कोणी कशाला ‘रन’ करत आहे का?

या पायरीवर, मी रविवारी इंग्रजीचा वर्ग घेते त्यातील बहुतेक मुले अडकतात, म्हणून थोडे सविस्तर सांगते. मराठीत ‘चालणे’ आणि ‘चालवणे’ ही दोन रूपे स्वतंत्र आहेत. दुकान चालते, काका दुकान चालवतात. एक ‘व’ आला की करणारा वेगळा झाला, हे आपल्याला न शिकवता कळते. इंग्रजीत मात्र दोन्ही ठिकाणी ‘रन’च राहतो : ‘द शॉप रन्स वेल’ आणि ‘ही रन्स अ शॉप’. जुन्या इंग्रजीत या दोन अर्थांसाठी दोन जवळची पण वेगळी क्रियापदे होती, एक स्वतः धावण्याचे आणि दुसरे धावायला लावण्याचे. पुढे ती मिसळून एकच झाली. मराठीने जो भेद जपला, तो इंग्रजीने या शब्दापुरता गमावला.

म्हणून ‘रन’च्या पुढे लगेच एखादे नाम आले तर ‘चालवणे’ किंवा ‘करणे’ घालून पाहा. ‘शी रन्स अ क्रेश’ म्हणजे ती पाळणाघर चालवते. ‘रन द रिपोर्ट’ म्हणजे संगणकातून अहवाल काढा. ‘रन अ चेक’ म्हणजे तपासणी करा. ‘रन अ रिस्क’ म्हणजे धोका पत्करणे. ‘रन अ फ्यू एरंड्स’ म्हणजे बँक, टपाल, किराणा अशी बाहेरची किरकोळ कामे उरकणे. वर्तमानपत्र ‘रन अ स्टोरी’ करते तेव्हा ते बातमी छापते.

सापळा : ‘हू इज रनिंग धिस?’ असा प्रश्न बैठकीत आला तर कोण धावत आहे हे विचारलेले नसते. हे काम कोणाच्या हातात आहे, असे विचारलेले असते.

३. पुढचा लहान शब्द कधीही सोडू नका

‘रन’च्या पुढे ‘आउट’, ‘इंटू’, ‘बाय’ असा लहान शब्द आला की अर्थ तोच ठरवतो. वहीत या रकान्यासाठी वेगळ्या रंगाचे पेन वापरा. कार्यालयात रोज लागणारे तेवढे इथे देते.

‘रन आउट ऑफ’ म्हणजे संपणे. ‘वी हॅव रन आउट ऑफ पेपर’ म्हणजे कागद संपले. इथे शिवाजी पार्कचे क्रिकेट आड येते, कारण आपल्या डोक्यात ‘रन आउट’ म्हणजे धावचीत हे घट्ट बसलेले असते. खेळातला अर्थ खेळापुरता ठेवा.

‘रन बाय’ म्हणजे एखादी गोष्ट कोणाला दाखवून किंवा सांगून त्याचे मत घेणे. मंजुरी घ्यायची की केवळ कानावर घालायचे, हे सांगणाऱ्याच्या अधिकारावर अवलंबून असते. वरिष्ठ म्हणत असतील तर त्यांचे उत्तर येईपर्यंत थांबा.

‘रन थ्रू’ म्हणजे सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकदा नजर टाकणे. मराठीत याला ‘धावता आढावा’ असा नेमका शब्द आहे, आणि इथे आपणही धावतो.

‘रन इंटू’चे चार अर्थ आहेत आणि ते पुढील नामावरून ठरतात. पुढे माणूस असेल तर अचानक भेटणे, भिंत किंवा गाडी असेल तर आदळणे, अडचण असेल तर ती उद्भवणे. पुढे रक्कम असेल तर मराठीत फार सुंदर प्रयोग आहे : ‘द कॉस्ट रन्स इंटू क्रोअर्स’ म्हणजे खर्च कोटींच्या घरात जातो.

‘रन ओव्हर’ जपून वापरा. बैठक ‘रॅन ओव्हर’ झाली तर ती ठरलेल्या वेळेपेक्षा लांबली. माणूस ‘रन ओव्हर’ झाला तर तो गाडीखाली आला. आमच्या वर्गातील एका मुलीने वरिष्ठांना उशिराचे कारण कळवताना स्वतःबद्दल हा शब्द वापरला आणि त्यांनी घाबरून तिला लगेच फोन केला. तिला एवढेच म्हणायचे होते की आधीचे काम लांबले.

‘रन डाउन’ बॅटरीबद्दल असेल तर ती उतरली, कोणी दुसऱ्या माणसाला ‘रन डाउन’ करत असेल तर त्याची निंदा करणे, आणि इमारतीचे विशेषण असेल तर मोडकळीस आलेली. ‘रन अप’ बिलाबद्दल असेल तर बिल वाढवून ठेवणे. गोलंदाजाचा ‘रन-अप’ तुम्हाला माहीत आहे. ‘इन द रन-अप टू द इलेक्शन’ म्हणजे निवडणुकीआधीच्या दिवसांत, आणि त्यामागे चेंडू टाकण्यापूर्वीची ती धावच आहे असे समजून लक्षात ठेवा.

निवडणुकीवरून आठवले : ‘रन फॉर’ म्हणजे निवडणूक लढवणे, हा प्रयोग मुख्यतः अमेरिकेतील. ब्रिटनमध्ये उमेदवार ‘स्टँड’ करतो, म्हणजे उभा राहतो, आणि मराठीतही तो उभाच राहतो. मुंबईतील इंग्रजी वर्तमानपत्रांत ‘कंटेस्ट’ हा शब्द अधिक दिसेल.

४. पुढे विशेषण आले तर ‘होत जाणे’ असे वाचा

‘रन लेट’ म्हणजे उशीर होणे, ‘रन लो’ म्हणजे कमी होत येणे, ‘रन शॉर्ट’ म्हणजे कमी पडणे, ‘रन ड्राय’ म्हणजे आटणे. मे-जूनमध्ये तानसा, भातसा, मोडकसागर या तलावांतील साठ्याच्या इंग्रजी बातम्या वाचा, त्यांत यांपैकी काही प्रयोग अर्थासकट भेटतील. बातमी मराठीत आधी वाचून मग इंग्रजीत वाचली तर कोशाचीही गरज पडत नाही.

‘आय ॲम रनिंग लेट’ हे वाक्य पहिल्याच दिवशी पाठ करा, कारण लोकल उशिरा असताना ते तुम्हाला लागणारच आहे. त्याचा अर्थ ‘मी पळत येत आहे’ असा नाही, ‘मला उशीर होत आहे’ असा आहे.

५. नाम म्हणून आलेला ‘रन’

क्रिकेटने आपल्याला इथे मोठी मदत केली आहे. धाव, धावसंख्या, धावगती, धावफलक, धावचीत ही सारी नाणी मराठीत पक्की रुळली आहेत, आणि रेडिओवरच्या ‘रनिंग कॉमेंटरी’ला आपण ‘धावते समालोचन’ म्हणतो. शिवणकामातील ‘रनिंग स्टिच’ म्हणजे धावदोरा. विमानतळावरची धावपट्टी तर आहेच.

बाकीच्या ठिकाणी धाव चालत नाही. ‘ट्रायल रन’ म्हणजे चाचणी, ‘ड्राय रन’ म्हणजे रंगीत तालीम, ‘इन द लाँग रन’ म्हणजे दीर्घकाळात, ‘प्रिंट रन’ म्हणजे एका खेपेस छापलेल्या प्रती. ‘अ रन ऑन द बँक’ म्हणजे बँक बुडणार या भीतीने ठेवीदारांची पैसे काढण्यासाठी एकाच वेळी उडालेली झुंबड. नाटकाचा ‘लाँग रन’ म्हणजे त्याचे पुष्कळ प्रयोग लागणे.

६. मुंबईच्या बाजारातले ‘रनिंग’ : इथे पैसे जातात

पुढील अर्थ कारागीर, कंत्राटदार आणि एजंट यांच्या तोंडून ऐकून शिकावे लागतात. घर लावताना ते ठाऊक नसतील तर नुकसान होऊ शकते.

सुतार आणि ग्रिलवाले भाव सांगताना ‘रनिंग फूट’ म्हणतात. त्याचा अर्थ केवळ लांबी मोजायची, रुंदी मोजायची नाही. समजा स्वयंपाकघराचा ओटा ८ फूट लांब आणि २ फूट रुंद आहे. रनिंग फुटाने तो ८ फूट भरतो, चौरस फुटाने १६ भरतो. म्हणून दोन जणांचे भाव शेजारी ठेवून पाहताना आधी विचारा, ‘हा भाव रनिंग फुटाचा की चौरस फुटाचा?’ आणि उत्तर अंदाजपत्रकावर लिहून घ्या. आत्याच्या घरी हे विचारायचे राहिले. जो भाव स्वस्त वाटला होता तो चौरस फुटाचा निघाला आणि ओटा महाग पडला.

इमारतीच्या कंत्राटात ‘रनिंग बिल’ असते. काम पूर्ण होण्यापूर्वी जेवढे झाले तेवढ्याचे ते बिल. शेवटचा हिशेब नंतर वेगळा होतो. सोसायटीच्या समितीवर असाल तर रनिंग बिल म्हणजे अंतिम बिल समजून सही करू नका.

जुनी गाडी घेताना ‘रनिंग किती?’ हा प्रश्न गाडी किती किलोमीटर चालली यासाठी असतो, आणि ‘रनिंग कंडिशन’ म्हणजे ती चालू अवस्थेत आहे एवढेच. ती चांगली आहे असे नाही. रेल्वेत ‘रनिंग स्टाफ’ म्हणजे मोटरमन, ट्रेन मॅनेजर (पूर्वीचे गार्ड) असे प्रत्यक्ष गाडीवर काम करणारे कर्मचारी, आणि ‘रनिंग रूम’ ही धावण्याची नव्हे, त्यांच्या विश्रांतीची खोली.

७. दवाखान्यात

घरातील वडीलधाऱ्यांना घेऊन गेलात तर दुभाष्याचे काम तुमच्यावर येते, म्हणून हे वेगळे काढले आहे. ‘रनिंग अ टेंपरेचर’ म्हणजे अंगात ताप आहे. ‘रनिंग नोज’ म्हणजे नाक वाहणे. ‘वी विल रन सम टेस्ट्स’ म्हणजे काही चाचण्या करू. ‘फीलिंग रन डाउन’ म्हणजे अशक्तपणा आणि थकवा. ‘डझ डायबिटीस रन इन द फॅमिली?’ या प्रश्नाचे मराठी ‘तुमच्या घराण्यात कोणाला मधुमेह आहे का?’ असे करा, आणि उत्तर देताना आई-वडिलांबरोबर भावंडे आणि आजी-आजोबाही सांगा. इंग्रजीत जुलाबालाही बोलीभाषेत ‘द रन्स’ म्हणतात, पण आपल्याकडे डॉक्टर ‘लूज मोशन्स’ म्हणतात, तेच वापरा.

८. लिहिताना होणाऱ्या दोन चुका

भूतकाळी ‘रॅन’, परंतु ‘हॅज’, ‘हॅव’ किंवा ‘हॅड’च्या पुढे पुन्हा ‘रन’. ‘द इंक हॅज रन आउट’ बरोबर, ‘हॅज रॅन आउट’ चूक. दुसरे, ‘रनिंग’ आणि ‘रनर’ लिहिताना ‘एन’ दोनदा येतो.

९. तरीही कळले नाही तर

वहीत रोज दोनच वाक्ये भरा, परंतु ती त्या दिवशी स्वतः ऐकलेली किंवा वाचलेली असू द्या. समोरच्याचे बोलणे कळले नाही तर ‘पार्डन?’ म्हणून थांबू नका, कारण तो तेच वाक्य पुन्हा म्हणेल. तुम्हाला समजलेला अर्थ दुसऱ्या शब्दांत मांडून विचारा. वरिष्ठ म्हणाले, ‘रन इट बाय मी’, तर तुम्ही म्हणा, ‘शुड आय शो इट टू यू फर्स्ट, सर?’ ते ‘येस’ म्हणतील किंवा दुरुस्त करतील. तक्ता तोपर्यंत तुमच्याच टेबलावर राहील.